बोस्टनकरांचा अमेरिकन हुफूफमध्ये सापडला

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आता फक्त सौदीच बसणार, असा हुकूम निघाला आणि दम्माममधलं माझं काउंटर गेलं. कफील, म्हणजे माझ्या व्हिसाचा सौदी मालक, भला माणूस. म्हणाला, दुसरं काम शोध, नाहीतर एक्झिट घेऊन कायमचा गावी जा. मला काम नको होतं, शबाना हवी होती. तिचा मोबाईल मी तीनदा दुरुस्त केला होता. त्यातून एकदाच तो खरंच बिघडला होता.

शबानाचे अब्बा, म्हणजे इस्माईलचाचा नाखवा, आमच्याच खाडीकाठच्या गावचे. हुफूफमध्ये किराणा दुकान सांभाळायचे. मी फोनवर लग्नाचं विचारलं तर म्हणाले, "बोस्टनकर? हे काय आडनाव? तुमचा मूळपुरुष कुठल्या जहाजातून उतरला, अल्ला जाणे. आम्ही आधी घराणं बघतो."

मी तापलो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्षही मी असाच तापून, सरांच्या टेबलावर जर्नल आपटून सोडलं होतं. म्हटलं, "अमेरिकेच्या जहाजातून उतरला. शुक्रवारी पुराव्यासकट जेवायलाच येतो."

पुरावा म्हणजे घरात चालत आलेली गोष्ट. इंग्रजांच्या काळात बोस्टनहून बर्फ घेऊन मुंबईला आलेल्या जहाजावरचा एक गोरा खलाशी आमच्या गावात आला, कलमा पढला आणि तिथलाच झाला. कोकणात माणूस जिथला, तिथला 'कर'. म्हणून आम्ही बोस्टनकर. नक्की काय ते सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, आजोबांचा चुलतभाऊ अब्बासदादा. तोही हुफूफमध्येच.

दम्मामहून हुफूफला आगगाडीने जा. तिकीट दोन शवार्मा आणि एका ज्यूसच्या भावात येतं. खिडकीतून वाळू, मग उंट, मग पुन्हा वाळू. डोळा लागतो न लागतो तोच खजुराची बनं सुरू होतात, इतकी दाट की आपल्या नारळाच्या बागा आठवाव्यात. जुन्या कैसरिया बाजारात जायचं तर नमाजाच्या वेळा पाहून जा. मी नेमका बंद शटरसमोर उभा राहून घामाघूम झालो.

शटर उघडलं तेव्हा अब्बासदादा आत बसून बिश्त शिवत होता. बिश्त म्हणजे शेख लोक अंगावर घेतात तो जरीकाठाचा झगा.

"दादा, आपला अमेरिकन खरा ना?"

"गोरा खरा. आपला नव्हे."

"मग आपण बोस्टनकर कसे?"

"आपल्या खापरपणजोबाने त्याला मुंबईहून गावी आणला. त्याच्याकडून ऐकलेलं बोस्टन गावभर सांगत सुटला. स्वतः कधी मुंबईच्या पुढे गेला नाही मेला. लोकांनी वैतागून बोस्टनकर नाव ठेवलं."

"आणि गोरा?"

"तो घरजावई झाला. बायकोचं घर, बायकोचंच आडनाव." दादाने दाताने दोरा तोडला. "नाखवा. इस्माईलचे डोळे पाहिलेस का कधी?"

इस्माईलचाचांचे पाहिले नव्हते, शबानाचे पाहिले होते. घारे. त्यांच्यावर माझ्या तीन कविता आहेत. टॅक्सीत बसून मी एकच वाक्य घोटत होतो: चाचा, जहाजातून उतरलेले तुम्हीच. तेवढ्यात शबानाचा मेसेज आला: "अब्बांना उलट उत्तर देऊ नकोस. नुसता जेव."

चाचांच्या घरी ताटात सुरमईचं कालवण आणि हुफूफचा हसावी लाल भात. कोकणी माणसाने तिथे जाऊन हा भात खाल्ला नाही तर प्रवास फुकट.

"काय अमेरिकन," चाचा म्हणाले, "हाताने जेवता येतं ना?"

माझे कान गरम झाले. समोर दोन घारे डोळे माझ्याकडे रोखलेले. स्वयंपाकघराच्या दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी भाताचा घास घेतला, वाक्य त्याच्याबरोबर गिळलं.

"चाचा, आमच्यात अमेरिकन कोणी नव्हता. खापरपणजोबा बढाईखोर होता, एवढंच."

चाचांचा हात थांबला. "अब्बासने एवढंच सांगितलं?"

"एवढंच."

बराच वेळ ते काटे वेचत राहिले. मग स्वतःच्या ताटातली मधली तुकडी माझ्या ताटात ठेवली.

"खोटं तुला नीट बोलता येत नाही. पण गप्प बसता येतं. ते मला वाटलं नव्हतं. कॉलेज पुरं कर, मग ये."

मी एक्झिट घेतली, गावी आलो, आणि त्याच सरांपुढे मान खाली घालून डिग्री पुरी केली. नंतर चाचांचंही दुकान सौदी माणसाकडे गेलं आणि ते गावी परतले. निकाह इथेच झाला. तो लाल भात मात्र पुन्हा मिळाला नाही. अजून आठवतो.

हे सगळं आज लिहितोय, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. आमच्या मुलीच्या अकीक्याला, म्हणजे आमच्यातल्या बारशाला, गाव जमलं होतं. तिने डोळे उघडले, ते आईपेक्षा घारे. चाचांनी तिला उचलून सगळ्यांना दाखवलं आणि अभिमानाने म्हणाले, "आमच्या अमेरिकेवर गेलीय."

तेव्हापासून ते माझ्या मागे लागलेत, बोस्टनला जाऊन आमचे लोक शोध म्हणून. मी म्हटलं, "चाचा, रक्त तुमचं, तुम्ही जा."

"मी कशाला?" चाचा म्हणाले. "बोस्टनकर तू आहेस."