गाडीवर पडलेला तारा

गाडीवरचा कापूस पाणी ओतून विझवला, आणि मंडपातली सगळी माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. मी अकोल्याचा, अमरावतीत पाहुणा. आळ घालायला पाहुणा फार सोयीचा पडतो.

मी आतषबाज. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर बापजाद्यांपासून दारूकाम करतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, म्हणून इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या एका अडत्या शेटजींनी मुलीच्या लग्नात दोन घरांची पैज लावली. एक आमचं, दुसरं तिथल्याच रहमतचाचांचं. दोघांनी एकाच वेळी हवाई सोडायची. हवाई म्हणजे काठी बांधलेला बाण. त्याच्या डोक्यात दारूच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या भरतात, त्यांना आम्ही तारे म्हणतो. आभाळात जे फूल दिसतं, ते या ताऱ्यांचं.

दोघांनीही गुलदावदी सोडली होती, म्हणजे शेवंतीचं फूल. त्यातला एक तारा जळत खाली आला आणि कापसाच्या गाडीवर पडला.

"करीमभाई, हे तुमचंच काम," शेटजींचा दिवाणजी म्हणाला. "चाचा जन्मभर इथं हवाई सोडून राह्यले. कदी काडी जळाली नाई."

शेटजी तोलून बोलणारे. "ज्याचा तारा, त्याच्या घरानं वऱ्हाडात पुन्हा हवाई सोडायची नाई. मंग तो कोनी असो."

हवाई बंद म्हणजे घराची चूल बंद. आम्हाला दुसरं काही येतच नाही. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. माझा तारा जमिनीला लागत नाही.

"शेटजी, तुमी वर पाहून राह्यले होते ना? दोनी फुलं सारखी होती काय?"

"उमलली सारखी. मंग एकाच्या पाकळ्या खाली वाकल्या. बाईचे केस सुटावे तशा."

"आमी त्याले गेसू म्हनतो, मोकळे केस. गुलदावदीची पाकळी फाकते अन् वरच विझते. गेसूची लोंबत खाली येते. गाडीवर पडला तो गेसूचा तारा. अन् मी गेसू भरलाच नाई."

"मी बी नाई भरला," रहमतचाचा म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते. तिथेच घोडं अडलं. वाऱ्यानं फुलं एकमेकांत गेली, कोणतं कोणाचं ते कोण सांगणार, असं दिवाणजीचं म्हणणं.

मी सांगणार. मी दोघांचा एकेक तारा मागितला आणि मंडपापासून लांब, फरशीवर पेटवला. माझा भुर्रकन जळून गेला. चाचांचा विझला असं वाटलं तरी लाल धगधगत राहिला.

"चाचा, कोळसा कशाचा?"

"तुराटीचा. नेहमीचाच."

"यंदा तूर भेटली कुठं तुमाले?"

चाचा वाकून तो धगधगता तारा पाहू लागले. दारूत कोळसा मिसळतात, आणि ताऱ्याची चाल त्या कोळशावर असते. तुरीच्या काड्यांचा कोळसा हलका, झटकन जळतो. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, रेंगाळतो. त्या वर्षी पार भातकुलीपर्यंत लोकांनी तुरीचे तास, म्हणजे ओळी, मोडून तिथेही कापूसच लावला होता. कोळसेवाल्यानं हाती आलं ते जाळलं, चाचांनी विश्वासानं घेतलं. माझा कोळसा पातूरच्या बहिणीकडचा. तिला वरणाशिवाय घास उतरत नाही, म्हणून मेव्हण्यानं तूर ठेवली होती.

चाचांनी राख बोटावर चोळून पाहिली. "पऱ्हाटीच हाय. तारा माहा हाय, शेटजी."

भर मंडपात असं म्हणायला छाती लागते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "खोट कोळशाची हाय, हाताची नाई. चाचाची दुसरी हवाई मी सोडतो, रिकाम्या वावराकडं. पाहा, अन् मंग ठरवा."

शेटजींनी होकारानं मान डोलावली. मी वारा पाहिला, बाण तिरपा लावला आणि सोडला. वावरावर फूल उमललं, वाकलं, आणि सोनेरी केस सावकाश ढेकळांपर्यंत उतरले.

"नातवाच्या बारशाले हेच आना," शेटजी म्हणाले. "दोनी घरं या."

आज अकोल्यापासून अमरावतीपर्यंत लग्नघरी लोक गेसूच मागतात. आम्ही आणि चाचांचं घर तो जाणूनबुजून पऱ्हाटीवर भरतो, आणि रिकाम्या वावरावरच सोडतो. वऱ्हाडात त्याला नाव मी मिळवून दिलं, हे मी कोणालाही सांगतो.

शिकलो ते एवढंच: गावानं एकच पीक घेतलं, त्या साली कोळसा पेटवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि हवाई सुटणार असेल तिथे कापसाच्या गाड्या उभ्या करू नयेत. हे दुसरं शेटजींना अजून पटलेलं नाही.