हमीदाभाभींचा दुसरा फोटो

"आवं, काळा चष्मा घालून कुणी फोटू काढतंय व्हय?" असं म्हणत आनंदा शिंप्यानं चष्मा खिशात घातला आणि मी कपाळावर हात मारला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तासगावात डोळ्यांची साथ आली होती. घरटी एकाचे तरी डोळे लालभडक. सांगलीचे आरोग्य खात्याचे साहेब बाजार बंद करायच्या विचारात होते. श्रावण तोंडावर, ऐन धंद्याचे दिवस. गावात फोटोग्राफर मीच, व्यापाऱ्यांनी मला धरलं. आम्ही केवढी काळजी घेतो त्याचे फोटो काढा, म्हणाले, साहेबांना दाखवू.

काळजी घेत होते, खोटं कशाला बोलू? दुकानापुढं दोरी, फिनेलची बादली, प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. पण कॅमेरा दिसला की सगळं गायब! दोरी सोडली, बादली लपवली, फेटे चढवले, शेजारीपाजारी खांद्याला खांदा लावून उभे.

"अहो, मला बादलीच हवीय फोटोत!" मी ओरडलो.

"बादलीचा फोटू? खुळं का काय तुमी?" हॉटेलवाला म्हणाला.

एका रोलवर बारा फोटो निघायचे. रोल संपत आला, माझा घसा बसला, कुणी ऐकेना.

ऐकलं एकट्या हमीदाभाभींनी. त्यांचं बांगड्यांचं दुकान. एरवी त्या बायकांचा हात हातात घेऊन बांगड्या भरायच्या. आता दोरीपलीकडून, जुन्या बांगडीवरून माप बघून, नव्या बांगड्या साबणाच्या पाण्यातून काढून द्यायच्या. मी गेलो तेव्हा चष्मा, दोरी, बादली सगळं जागच्या जागी. एक तरी फोटो मनासारखा मिळाला.

साहेबांनी प्रिंट टेबलावर मांडल्या. "छान! सगळे ठणठणीत दिसतायत. बाजार चालू राहू दे." मग भाभींच्या फोटोवर बोट ठेवलं. "इथे मात्र साथ जोरात आहे. हे एवढं दुकान बंद करा."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, साथ सगळीकडेच आहे. या बाईंनी लपवली नाही, एवढंच!"

"असं? मग सगळाच बाजार बंद करू?"

सोबत आलेले व्यापारी खाऊ की गिळू असे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं भाभींचा फोटो टेबलावरून उचलला. "नको साहेब. तो फोटो नीट आला नाही. उद्या दुसरा आणतो."

भाभींना हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी काळजी घेतली, त्येच चुकलं व्हय आमचं?"

मग त्यांनीच दोरी सोडली, बादली आत नेली, चष्मा काढला. डोळे लालबुंद, पाणी गळत होतं.

"हे दिसंल की वं फोटूत."

"नाही दिसायचं. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल रंग कळत नाही."

"मग हसू का?"

हसल्या. मी कॅमेरा पिशवीत घालेपर्यंत त्यांनी दोरी पुन्हा बांधलीसुद्धा.

तो फोटो साहेबांना पसंत पडला. दुकान चालू राहिलं. तेव्हापासून कुणी सरकारी कामासाठी फोटो मागितला की मी आधी विचारून घेतो, खरा हवाय की पास होणारा?