कॅथेड्रलवाली मावशी

इंग्लंडमधली झाडून सगळी कॅथेड्रलं आपल्या माहेरची आहेत अशा थाटात वावरणारी बाई जगात एकच असेल, आणि ती माझी मावशी आहे. आईची मावसबहीण. मूळची सांगलीची, लीड्सच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून उभा जन्म काढून रिटायर झालेली. मी पुण्याहून वॉटफर्डला नोकरीसाठी आलो आणि पहिल्याच वीकेंडला गरम पोळीच्या आशेने तिच्याकडे गेलो, तर तिने मला बॅगेसकट गाडीत बसवून डरहॅमच्या कॅथेड्रलला नेलं. "पोळ्या कुठे पळून चालल्यात? उजेड जाईल," म्हणाली. तिथल्या दारावर एक अक्राळविक्राळ धातूचं तोंड आहे आणि त्याच्या जबड्यात कडी. "पूर्वी गुन्हा करून पळालेला माणूस ही कडी वाजवायचा, की त्याला आसरा मिळायचा. कोण, कुठला, हे सगळं नंतर. आपल्याकडे आधी आडनाव विचारतात." एवढं सांगून तिने कडीला नमस्कार केला आणि मलाही करायला लावला.

भर थंडीतसुद्धा ती बूट काढून पिशवीत ठेवते आणि लोकरीच्या मोज्यांवर आत शिरते. एकदा तिथल्या काळ्या झग्यातल्या सेवकाने, मॅडम, इथे याची गरज नसते, असं नम्रपणे सांगितलं. "तुमच्या देवाची हरकत नसेल, माझ्या आईची आहे," मावशी म्हणाली. तो बिचारा तिने हातात दिलेली बुटांची पिशवी धरून उभा राहिला. वेदीच्या मागून जाणारी वाट दिसली की ती प्रदक्षिणा घालणारच, आणि वर हळहळणार, की एवढा छान मार्ग बांधलाय आणि ही माणसं नुसती बसून राहतात. समाधीवर झोपलेल्या दगडी बिशपांशी ती बोलते. त्यांच्या पायाशी दगडी कुत्रा असला, तर आधी त्याची विचारपूस. कुठे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेची टेबलं मांडलेली दिसली, कुठे शाळेच्या पोरांची गाण्याची तालीम चाललेली असली, की तिचा चेहरा खुलतो. "देव वर राहतो रे, गाव खाली राहतं," असं तिचं एकूण धर्मशास्त्र. फक्त कॉव्हेंट्रीला ती बोलत नाही. महायुद्धात बाँबने पडलेल्या जुन्या भिंती तिथे तशाच ठेवून शेजारी नवं कॅथेड्रल बांधलंय. त्या उघड्या भिंतींमध्ये ती नुसती उभी राहते.

काका म्हणजे तिचे यजमान. त्यांनी मात्र या सगळ्यापासून स्वतःला कटाक्षाने वाचवलं होतं. ते गाडी चालवायचे, पार्क करायचे आणि थर्मासातला चहा पीत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसायचे. "दगडावर दगड ठेवलेत, त्यात बघायचं काय?" त्यांचं हे मत मावशीच्या तोंडून इतिहासाचे ढीग ऐकूनही हललं नव्हतं. पण कोविड आला, लस आली, आणि निवृत्त नर्सेसना परत बोलावलं तेव्हा मावशीला ड्युटी मिळाली ती एका कॅथेड्रलमध्ये उघडलेल्या लसीकरण केंद्रात. काकांना सुईची भीती. मावशी सोडून दुसऱ्या कुणाच्या हातून टोचून घ्यायला ते तयार होईनात, म्हणजे आत जाणं आलं. गेले. डोळे मिटून टोचून घेतलं. वर कुणीतरी ऑर्गन वाजवत होतं. नियमाप्रमाणे थोडा वेळ बसून बाकीचे उठून गेले, काका बसूनच. मावशी घाबरून धावली. "अहो, चक्कर येतेय का?"

"नाही," काका म्हणाले. "हा वाजवायचा थांबला की उठतो."

तेव्हापासून ते आत जाऊ लागले. आणि मावशीचे गुडघे, मग पाठ, असं एकेक जायला लागलं.

गेल्या महिन्यात ते दोघं माझ्याकडे आले होते. मी त्यांना ईलीच्या कॅथेड्रलला नेलं. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसली, तिच्याने पुढे चालवेना. काका एकटे आत गेले आणि जरा वेळाने परत आले.

"खांब आहेत," ते म्हणाले. "पुष्कळ आहेत."

"ते मला इथूनही दिसतायत. मधोमध वर काय आहे ते सांगा."

काका पुन्हा गेले. मान दुखेपर्यंत वर बघत उभे राहिलेले मला दिसले. येऊन म्हणाले, "वर आठ कोनांचा मनोरा आहे, लाकडी. त्याच्या खिडक्यांतून उजेड खाली येतो. फार वरून येतो, त्यामुळे पोचेपर्यंत मऊ होतो." काका असं काही बोलतील हे मला खरं वाटेना. मावशीने डोळे मिटले होते. "आणि एक बाई खाली फरशीवर उताणी पडून बघतेय," ते म्हणाले.

"माझ्या वयाची आहे का?" मावशीने विचारलं.

काका थबकले. "बघून येतो," म्हणाले आणि परत निघाले.

"सावकाश जा," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "मला काही घाई नाही."