नवीन मुलगी

हे मी घरी सांगितलेलं नाही, हॉस्टेलवर कुणाला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, त्या सलमाला तर नाहीच.

आम्ही चौघं तारनाक्याच्या एका खोलीत क्रिप्टोचं वॉलेट बनवत होतो. मोबाइलमधलं पाकीट म्हणा — मधे बँक नाही. बारा शब्द हीच त्याची किल्ली. कोड जवळपास सगळा सलमाचा. मलाही तिनेच शिकवला. बोलायचं काम माझ्याकडे. सरकारचा अशा गोष्टींवर भरवसा नव्हता, बंदी आली असती तर सगळंच संपलं असतं. म्हणून एका अधिकाऱ्यांनी भेटायला बोलावलं तेव्हा आमचा म्होरक्या प्रवीणअण्णा म्हणाला, "सीधा बोलना. डरना नको."

मी आणि सलमा गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "माझी आई ते बारा शब्द विसरली, तर तिने फोन कुणाला करायचा?"

"किसीको नई, साहब," सलमा म्हणाली. "पैसे गए."

खरं तेच होतं. मधे कुणी नसणं, हेच तर आमचं सगळं काम! पण साहेबांच्या कपाळावर आठी पडली. आणि मी — का, ते अजून नीट सांगता येत नाही — म्हणालो, "ती नवीन आहे, सर. त्याची सोय आम्ही केली आहे."

सोय नव्हती.

माझे वडील सुलतान बाजारात साड्यांना फॉल लावतात. साहेबाला कुणी 'नाही' म्हटलेलं मी आमच्या घरात कधी ऐकलं नाही. पण वडिलांनी कुणाला खोटं पाडलेलंही पाहिलं नाही — मग त्यांना कशाला मधे आणू?

जिन्यात सलमा हसली. "नवी हूँ मैं? तेरेकू कोड कौन सिखाया रे पोट्टे?" ती हसली, म्हणजे मिटलं, असं मी धरून चाललो. तेवढंच असतं तर हे लिहायला बसलो असतो का?

पुढच्या भेटीचा निरोप आला — त्या मुलाला पाठवा, नवीन मुलगी नको. अण्णाने माझ्याकडे पाहिलं. तीही येईल, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी बूट घालत राहिलो. सलमानेच स्वतःचा लॅपटॉप माझ्या हातात दिला. दाखवायचं सगळं त्यातच होतं.

ऑटोत मी तो उघडला. पहिल्याच पानावर, वॉलेट बनवणारी म्हणून, तिचं नाव. साहेबांनी वाचलं तर? मग नवीन कोण, असं विचारलं तर? — मी ते नाव काढलं. तिथे माझं टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. भेट चांगली झाली. परतताना तिचं नाव पुन्हा होतं तसं लिहून ठेवलं.

ती खोलीच्या दारातच उभी होती. "मेरा नाम देखे क्या साहब?"

"देखे," मी म्हणालो. "खूश हुए."

त्या संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायलो.