सुयांचं उत्तर

"तुम्ही परत याल कशावरून?" व्हिसाच्या मुलाखतीत या एका प्रश्नावर भल्याभल्या पोरांची बोबडी वळायची. हिंजवडीत कंपन्या उभ्या राहत होत्या, ज्याला त्याला परदेश दिसत होता, आणि सदाशिव पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत मी त्यांची तयारी करून घेत होते. त्याआधी बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आदर्श उत्तर फळ्यावर लिहायचं, पोरांनी उतरवून घेऊन पाठ करायचं, ही माझी रीत. अंगात मुरलेली, जाणार कुठे?

त्या वर्षी विदर्भातली एक मुलगी आली. परदेशातल्या एका विद्यापीठानं तिला चार महिन्यांच्या अभ्यासासाठी निवडलं होतं, सगळा खर्च त्यांचाच. सरावात मी तोच प्रश्न टाकला. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझी आई हातशिलाई करते. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. घरी गेले की मी भरपूर सुया ओवून ठेवते. त्या संपल्या की तिचं काम अडतं. मला परत जावंच लागतं."

आणि मी काय करावं? खडू उचलला! तिचं इंग्रजी नीट करून फळ्यावर उतरवलं. "याला म्हणतात उत्तर. घ्या लिहून." आपापल्या घरचं काही शोधा, असंही म्हणाले. कोण शोधतंय! वर आगाऊपणा असा, की सोबत होईल म्हणून सगळ्यांना मुंबईच्या वकिलातीतली वेळ एकाच दिवशी घ्यायला लावली.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी नारायण पेठेतला एक मुलगा पेढे घेऊन आला. त्याची आई बँकेत अधिकारी, घरात सुई तरी असेल का, शंकाच.

"मॅडम, सुयांचं उत्तर एकदम हिट!"

त्याच्यामागे ती विदर्भातली मुलगी दारात उभी. रांगेत ती चौथी होती. तिनं तोंड उघडलं तसा अधिकारी हसला म्हणे. पुण्यात एकाही आईला दोरा ओवता येत नाही का, असं विचारून त्यानं पासपोर्ट परत केला.

मी तिला आत ओढलं. "अगं, हे माझंच आहे, असं सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं, मॅडम. ते म्हणाले, आधीचे तिघंही तेच म्हणाले."

मग मी काय काय केलं! पत्रं लिहिली. मुंबईला जाऊन वकिलातीच्या फाटकाशी उभी राहिले. "अहो, चूक माझी आहे, त्या पोरीची नाही," म्हणत रखवालदाराच्या हातापाया पडले. "बाई, बाजूला व्हा," तो म्हणाला. कुणी दाद दिली नाही, आणि विद्यापीठाची मुदत टळून गेली.

ती भेटायला आली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आईला मी सांगितलंच नाही, मॅडम. पोरगी परदेशी चालली म्हणून ती गावभर सांगत फिरली. चार महिन्यांच्या सुया मी ओवून आली. त्या संपेपर्यंत इथंच राहीन, मग घरी जाईन, तिकडून आल्यासारखी." तिनं पिशवीतून वही काढली. "तिकडे काय काय पाहिलं, ते तेवढं लिहून द्या. मी पाठ करते."

आणि मी, मेली, लिहायला बसले.