साहेबांच्या फोटोचं मीठ

बायकोचं हृदय कमजोर झालंय हे कळलं, तेव्हा डॉक्टरांनी ते आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं. "मोटर चालू आहे, पण पाणी पूर्वीइतकं उचलत नाही." तिचं माहेर अकलूजकडचं, घरचा ऊस. तिला लगेच समजलं. तिने विचारलं, "मग रिवाइंडिंग करून मिळतं का?" डॉक्टर हसले. मी हसलो नाही, कारण मला उत्तर ऐकायचं होतं. उत्तर असं होतं की मिळत नाही. गोळ्या घ्यायच्या, पाणी बेताने प्यायचं आणि मीठ जवळजवळ बंद.

गोळ्यांपैकी एक मधुमेहाची होती. तिला मधुमेह नाही, म्हणून मी डॉक्टरांशी जरा वाद घातला. ते म्हणाले, अलीकडच्या संशोधनात ही गोळी कमजोर हृदयालाही आधार देते असं दिसलंय. तेव्हापासून संशोधन आमच्या घरी रोज नाश्त्यानंतर पाण्याबरोबर घेतलं जाऊ लागलं. दुसरी एक लहान गोळी अंगात साचलेलं पाणी बाहेर काढायची. ती पाणी जाऊ देते, पण रक्तातलं पोटॅशियम धरून ठेवते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला गोळ्यांचे रंग ठाऊक होते.

गोळ्यांचं तिला काही वाटलं नाही. आळणी जेवणाने मात्र तिचा जीव मेटाकुटीला आला. सोलापुरात जन्म काढलेल्या बाईला शेंगाची चटणी आळणी कांडायला सांगणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना समजणं शक्य नव्हतं. ते पुण्याचे होते. पहिल्या दिवशी तिने कडक भाकरीचा तुकडा त्या चटणीत बुडवला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "हे खाऊन जगायचं असेल तर मला नीट विचार करू द्या."

ती अशी बोलायची आणि मी घाबरायचो. तसा मी भित्रा नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली; तिथे भिण्यासारखं वाळवीखेरीज काही नव्हतं. पण आता सकाळी उठलो की मी आधी तिच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायचो. खड्डा पडून तसाच राहिला, तर अंगात पाणी साचतंय. खड्डा नाही पडला, तर चहा. ती जिना चढून आली की तिचं बोलणं सोडून मी तिचा श्वास ऐकायचो. "काय म्हणाले मी आत्ता?" असं तिने विचारलं की मला सांगता यायचं नाही.

माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, व्यासपीठावरचा माणूस आहे. इथल्या एका पुढाऱ्याच्या मागेपुढे तो बरीच वर्षं आहे, आणि त्या पुढाऱ्याला तो नुसतं साहेब म्हणतो, जगात दुसरे साहेब नसल्यासारखा. साहेबांच्या वाढदिवसाला दरवर्षी काहीतरी मोफत असतं. एका वर्षी चष्मे होते. यंदा हृदय होतं.

"दाजी, आक्काला घेऊन यायचंच," तो म्हणाला. "मोठे डॉक्टर येणारेत. एकदम लेटेस्ट संशोधन सांगणारेत."

"आणि साहेब?"

"साहेब तर हायेतच की."

सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये शिबिर होतं. दारात साहेबांचं हृदयावर हात ठेवलेलं चित्र होतं, आत खुर्च्या भरलेल्या होत्या, आणि खुर्च्यांवर आमच्यासारखी माणसं: गोळ्यांची पिशवी मांडीवर, सुजलेले पाय चपलेतून काढून ठेवलेले. साहेब यायचे होते. आपल्याकडे साहेब नेहमी यायचेच असतात. ते येईपर्यंत लोकांनी उठून जाऊ नये म्हणून निवेदकाने त्या मोठ्या डॉक्टरांना बोलायला सांगितलं. म्हणजे शिबिर ज्यासाठी भरवलं होतं, ते मधल्या वेळात उरकायचं ठरलं.

डॉक्टर मात्र चांगलं बोलले. मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत आणि बहुतेकांतून पुस्तकात डोकं घालून सुटलो आहे. ह्या वेळी पुस्तक पिशवीतच राहिलं. ते म्हणाले, साध्या मिठातला काही भाग काढून त्याच्या जागी पोटॅशियमचं मीठ घातलं तर चव फारशी बदलत नाही, पण रक्तदाब उतरतो. चीनमधल्या खेड्यांत लोकांच्या स्वयंपाकघरातलं मीठ असं बदलून पाहिलं, तर पक्षाघात कमी झाले. बायकोने माझ्या हाताला धरलं. इतक्या महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर भूक मी पहिल्यांदा पाहिली.

"मात्र," डॉक्टर म्हणाले, "हे मीठ सगळ्यांसाठी..."

बाहेर हलगी कडाडली. फटाक्यांची माळ लागली. सगळे उठले, ज्यांना उठवत नव्हतं तेही उठले. आवाज थांबला तेव्हा डॉक्टरांच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता, आणि माईक साहेबांकडे होता. साहेब हृदयाविषयी बोलले. जनता त्यांच्या हृदयात असते असं त्यांचं म्हणणं पडलं. मग आणखी सत्कार झाले, मंडपवाल्याचाही झाला. जाताना प्रत्येकाला त्या नव्या मिठाची एकेक पिशवी मिळाली. पिशवीच्या मागच्या बाजूला साहेबांचा हसरा फोटो चिकटवला होता.

घरी येऊन मी फोनवर वाचलं. डॉक्टर बोलले ते खरं होतं. संशोधन झालेलं होतं, मोठं होतं, नावाजलेलं होतं. त्या कार्यक्रमातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, हार खरे आहेत की प्लास्टिकचे इथपासून. विश्वास बसला तो फक्त मिठावर. पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते. खोटं असतं तर मी ओळखलं असतं.

घरात सण आल्यासारखं झालं. तिने चटणी कांडली, आमटीला मीठ घातलं, ताकातही घातलं. "जरा बेताने," मी म्हणालो.

"औषधी हाय म्हणाले की डॉक्टर. औषध कुणी कमी घेतंय का?"

हा आमच्याकडचा जुना हिशोब आहे. मीठ वाईट, म्हणून चिमूटभर. औषध चांगलं, म्हणून चमचाभर. ती जेवत होती, हसत होती, घोट्यावर खड्डा पडत नव्हता. मी वाद घातला नाही.

मग एका दुपारी ती ओट्याशी चटणी कांडत होती आणि बत्त्याचा आवाज थांबला. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी सगळेच आवाज थांबतात, त्यामुळे मी लगेच उठलो नाही. आत गेलो तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "पाय माझे न्हाईत."

"म्हणजे?"

"आहेत, पण माझे न्हाईत. छातीत पण काहीतरी चुकतंय. एक ठोका येतो, मग वाट बघायला लागते."

मी तिचं मनगट धरलं. ठोका आला. मग मीही वाट बघितली.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर होती आणि मी सिग्नलचे लाल आकडे वाचत होतो. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या हृदयाचा आलेख काढला आणि कागद हातात घेऊन एकदम गप्प झाल्या. डॉक्टर बोलतात तेव्हा मला भीती वाटत नाही. मी डोकावून पाहिलं. कागदावर एकापुढे एक टोकदार तंबू ठोकल्यासारखी रेघ होती.

"मावशी, नारळपाणी वगैरे पिता का?"

"न्हाई."

"मीठ?"

"बंद हाय की!" ती जवळजवळ अभिमानाने म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितल्यापासून चिमूट खाल्लं न्हाई. ते नवीन औषधी मीठ तेवढं खाते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या नर्सला भराभरा सांगू लागल्या: कॅल्शियम, इन्शुलिन, ग्लुकोज. इन्शुलिन ऐकून बायको म्हणाली, "मला साखर न्हाई हो." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला त्यांनी एका दमात सांगितलं की पाण्याची गोळी पोटॅशियम धरून ठेवते, हे मीठ पोटॅशियमच घालतं, आणि रक्तात ते फार वाढलं की हृदय थांबू शकतं. "थांबू शकतं" हे त्या हळू बोलल्या. पलंगाशेजारच्या पडद्यावर तंबू एकामागून एक सरकत होते. दोन तंबूंमधल्या मोकळ्या जागेत मी उभा होतो. दुसरीकडे कुठे उभं राहावं हे मला सुचत नव्हतं.

मेहुण्याला मी घरून मिठाची पिशवी आणायला सांगितलं होतं. तो घामाने भिजून आला.

"दाजी, साहेबांना फोन लावू का? साहेबांचा शब्द हितं लई चालतो."

"रक्तात चालतो का?"

त्याने पिशवी पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी पिशवी उलटी केली, साहेबांचा फोटो पाहिला, नखाने त्याचा कोपरा उचकटला आणि सोलून काढला. खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं: मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

"हितंच का चिकटवला रे?" मी विचारलं.

"पुढं कंपनीचं नाव होतं दाजी. ते झाकलं तर कंपनीवाले नाराज होतील, म्हणून मागं." तो खरंच समजावून सांगत होता. "मागं नुसतंच बारीक बारीक होतं."

मला वाटलं होतं ती झोपलीय. ती डोळे मिटूनच म्हणाली, "किती पिशव्या वाटल्या?"

"हॉलभर, आक्का."

"त्यात हार्टवाले किती?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "शिबिरच हार्टवाल्यांचं होतं की."

पडद्यावरची रेघ सरकत राहिली.

"मग हितं काय बसलायस?" ती म्हणाली. "नंबर लिहून घेतले होते ना दारात सगळ्यांचे? लाव फोन."

"साहेबांच्या कानावर घालून मग..."

"मी मेले तर साहेबांना विचारून रडणारायस का?"

तो बाहेर गेला. व्यासपीठाचा आवाज त्याच्या गळ्यातून निघून गेला होता. व्हरांड्यातून ऐकू येत होता तो अकलूजच्या एका घाबरलेल्या मुलाचा आवाज. "काका, ते मीठ खाऊ नका. न्हाय, साहेबांनी न्हाय सांगितलं, मी सांगतोय. व्हय, फेकून द्या." पलीकडून कुणीतरी, हे त्यानेच नंतर सांगितलं, मीठ संपल्याचं सांगून आणखी आहे का विचारत होतं. त्यावर तो खाली जिन्यावर बसला.

तंबू हळूहळू उतरले. ती घरी आली. आमटी पुन्हा आळणी झाली, आणि ती तक्रार न करता खाते, हे मला आवडत नाही. तिने तक्रार केलेली मला हवी आहे.

बहुतेकांनी फोन उचलले. काहींनी उचलले नाहीत. मेहुणा होटगीपर्यंत मोटरसायकलने काही घरांत जाऊन आला, काही पत्ते सापडले नाहीत. जेवताना ती मध्येच थांबते.

"जे सापडले न्हाईत, त्यांचं काय झालं असेल हो?"

"नंबर बदलला असेल."

"सगळ्यांचा?"

हल्ली आम्ही संध्याकाळी अंगणात बसतो तेव्हा मी तिचा हात धरतो. शेजारचे बघतात, तिला लाज वाटते, "सोडा की, म्हातारपणी काय हे," असं ती म्हणते. मी सोडत नाही. माझी बोटं तिच्या मनगटावर आतल्या बाजूला असतात. ठोके मी मोजत नाही. एक आला की पुढचा येईपर्यंत बोलायचं थांबतो, आणि तो आला की बोलणं पुढे चालू करतो.