पाणी डाव्या कानाला

बाबांना काचबिंदू होता. कडेची नजर गेलीच आहे, मधलीही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मग एकदा डोंगर बघून येऊ." तरुणपणी ते पोलादपूरच्या डोंगरांत खूप भटकले होते.

गणपतीच्या दिवसांत आम्ही दोघं निघालो. रेल्वेने वीर स्टेशनला उतरून रिक्षाने महाड, तिथून एसटीने पोलादपूर आणि पुढे जीपने वर. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत, शेतकऱ्याच्या घरी आमची उतरायची सोय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची बाई आम्हाला वरच्या माळावर घेऊन गेली. बाबा माझा खांदा धरून, खळखळत्या वहाळाच्या कडेकडेने सावकाश चढत होते.

माळावर सोनकी फुलली होती. नजर जाईल तिथवर पिवळं. बाबा मान हळूहळू फिरवत राहिले, जणू बारीक भोकातून तो सगळा माळ थोडा थोडा आत ओढून घेत होते. बाईची म्हैस आदल्या दिवसापासून रानातच होती. "ताय, हितंच बसा. म्हस कुठं दिसते काय बघते नि येते," असं म्हणून ती पलीकडे उतरली.

ती दिसेनाशी झाली आणि खालच्या दरीतून धुकं वर आलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग फुलं गेली, मग माझेच पाय. मी बाईला हाका मारल्या, पण धुकं त्या पिऊन टाकत होतं. बराच वेळ वाट पाहिली. बाबांना थंडी वाजू लागली. एका अंगाला कडा होता हे मला माहीत होतं, पण कुठल्या, ते आता कळेना. मी बाबांना घट्ट धरून ठेवलं.

"तुला किती दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे आता आपण सारखेच." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "चढताना वहाळाचं पाणी माझ्या उजव्या कानाला होतं. उतरताना डाव्या कानाला ठेवायचं. माझा सदरा धर."

मी लहान मुलीसारखा त्यांचा सदरा धरला. ते काठीने जमीन चाचपत, मध्येच थांबून ऐकत चालू लागले. पाण्याचा आवाज दूर गेला की डावीकडे सरकायचे. पुढे नुसता पांढरा उजेड आणि त्यात बाबांची पाठ. भीती कधी गेली ते मला समजलंच नाही. ती वाट संपू नये असं मात्र वाटत होतं.

अर्ध्या वाटेवर घंटा वाजली आणि धुक्यातून म्हैस आली, तिच्यामागे बाई. ती धापा टाकत होती. "माळावर जाऊन बघलं, तुम्ही नाय. जीव उडाला माझा. उतरलात कसे गो?"

"बाबांनी आणलं," मी म्हटलं.

दुपारी वाडीत बाल्या नाच होता. मुंबईहून आलेले बाप्ये पायांत चाळ बांधून अंगणात गोल धरून नाचत होते, मधे मृदंग. बाबा ओटीवर बसून पावलांनी ठेका धरत होते. बाईच्या नवऱ्याने हात पुढे केला. "या बाबा, फेर मोठा हाय." मी अडवणार होते, तोवर ते उठलेही. दोघांच्या मधे, हातात हात, ते नाचले. एकदाही चुकले नाहीत.

परतताना महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर थांबलो. पाय पाण्यात सोडून बाबा बसल्या बसल्या झोपून गेले. मी त्यांना उठवलं नाही. वाफ वर चढत होती, आणि पलीकडे सावित्री नदी वाहत होती.

पुढच्या वर्षी त्यांची नजर पूर्ण गेली. गणपती जवळ आले तेव्हा त्यांनी स्वतःच वाडीला फोन लावायला सांगितला.